आयरिश पितरांचं पान

आयरिश सरकारने केल्टिक हॅलोविनकडे पर्यटक ओढायला अनुदान दिलं. अमिरातीतल्या रास अल खैमात जाहिरातीची मेजवानी ठरली, केटरिंग शालिनीचं. जमलं तर ऑर्डर दरवर्षी तिलाच. “हॅलोविनला पूर्वज घरी येतात, त्यांचंही पान वाढा,” अधिकारी मोरीनबाई म्हणाल्या. शालिनीने रीतसर वडे, खीर वाढली आणि पाहुण्यांना अडवलं. “थांबा! आधी कावळा शिवू दे.” खजुरावरचा कावळा ढिम्म. “मॅडम, पितरांची इच्छा राहिलीय. वचन द्या.” मोरीनबाईंनी दुप्पट पर्यटक कबूल केले. कावळ्याने पाठ फिरवली. भुकेने कळवळून मोरीनबाईंनी आपल्या दिवंगत आजीला हात जोडले, “बरं आजी, तुझा सण नाही विकत आम्ही.” कावळा झपकन वड्यावर! मोरीनबाईंनी बॅनर उतरवला. “खलास. पुढच्या वर्षी हॅलोविन आपापल्या घरीच.” शालिनीच्या हातातला डाव गळून पडला. कावळा निवांत खिरीत चोच बुडवत होता.