मशीनची सुट्टी

विनीत सरांनी कमांड मारली आणि पडद्यावर काहीच आलं नाही. पुन्हा मारली. पलीकडून हूं की चूं नाही.

"तुमचं मशीन बंद आहे," सर म्हणाले.

दादरच्या त्या क्लासमध्ये बाकीच्यांचं सगळं आटपलं होतं, प्राची शेवटची. लिनक्सच्या या पहिल्याच कोर्सची परीक्षा म्हणजे एक प्रोजेक्ट. घरी जुना कम्प्युटर घ्यायचा, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं, स्वतः बनवलेलं एक वेब-पान त्यावर ठेवायचं आणि दोन आठवडे तो अखंड चालू ठेवायचा. मग सर इथून इंटरनेटवरून त्यात शिरणार आणि तो किती दिवस न थांबता चालला ते बघणार. पास होणाऱ्यांची नावं आजच एका कंपनीला नोकरीसाठी जायची होती. नाव गेलं की हिंदमाताच्या दुकानात दिवसभर उभं राहून साड्या उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या, ते सुटणार. पायांच्या शिरा सुजून निळ्या झाल्या होत्या तिच्या. ही नवी नोकरी म्हणजे काही हौस नव्हती.

आणि काळजी काय कमी घेतली होती? लालबागच्या चाळीतली एवढीशी खोली, दोन प्लग, वापरणारी माणसं पाच. तिने प्लगवर चिकटपट्टी मारली, नवऱ्याला दम भरला, लाईट गेलीच तर म्हणून बॅटरी आणून ठेवली. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, मात्र काही सांगावंच लागलं नाही. रघुनाथ जुने गिरणी कामगार, चालत्या मशीनला कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. कम्प्युटरपाशी खुर्ची टाकून दोन आठवडे तेच राखणीला बसले होते. शेजारची रखमा मोबाईल चार्जिंगला लावायला आली, तर तिलाही त्यांनी दारातूनच वाटेला लावलं.

प्राचीने घरी फोन केला. बाबांनीच उचलला. लाईट आहे का विचारलं, तर आहे. वायर निघाली का, तर नाही. मग मशीन बंद कसं?

"मीच बंद केलंय," बाबा शांतपणे म्हणाले. "आज खंडेनवमी मां गो. पुसून हळद-कुंकू लावलंय, झेंडूचा फूल ठेवलंय. आज ता चालवूचा नाय."

प्राचीला रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं. असा संताप आला, पण काढायचा कुणावर? दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिरणीतली यंत्रं पुसून, पुजून गार ठेवायचे, त्या दिवशी खटक्याला हात लावायची कुणाच्या बापाची हिंमत नव्हती, हे लग्न झाल्यापासून तिने दरवर्षी ऐकलं होतं. घरातलं शिलाईचं मशीनही त्या दिवशी झाकलेलं असायचं. सगळं ठाऊक होतं बयेला, आणि एवढ्या बंदोबस्तात नेमकं तेच डोक्यात आलं नाही. कम्प्युटरला कोण कशाला पुजेल, असं धरून चालली होती. बाबांच्या हिशेबी जे रात्रंदिवस राबतं ते मशीनच.

सर माणूस म्हणून चांगले. अखंड चालण्याचे मार्क जातील, म्हणाले. पण आत्ता चालू केल्यावर पान आपोआप उभं राहिलं तर पास करता येईल. आत्ता म्हणजे आत्ता, उद्या दसऱ्याची सुट्टी.

देवळाची पायरीही क्वचित चढणारा, सत्तरी ओलांडलेला माणूस. मनापासून पाळायचा तो वर्षातला हा एकच दिवस, आणि तो मोडायला त्याला आपणच सांगायचं. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण पायही आठवले.

"बाबा, माझी परीक्षा आहे," ती म्हणाली. "आत्ता चालू झालं नाही तर माझं नाव जाणार नाही."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "फूल मी काढूचंय नाय. तसाच लावतंय."

फोन त्यांनी कुठेतरी खाली ठेवला असावा. लांबून, दबक्या आवाजात, तिच्यासाठी नव्हेच असं काहीतरी ऐकू आलं. "माफ कर हां. पोरीचा काम आसा."

प्राचीने डोळ्यांतलं पाणी ओढणीने टिपलं.

सरांनी थोडं थांबून तिसऱ्यांदा कमांड मारली. या वेळी मशीनने आत घेतलं. चाळीत कुठल्या दिवशी पाणी किती वाजता येणार, ते सांगणारं प्राचीचं पान जागच्या जागी उभं होतं. सरांनी ते वरखाली करून नीट पाहिलं. मग मशीन किती वेळ चालू आहे ते पाहिलं, जेमतेम दोन मिनिटं, आणि हसू दाबत मार्क टाकले. पास. तिच्यासमोरच तिचं नाव कंपनीला धाडूनही दिलं.

प्राचीचा जीव भांड्यात पडला, पण ती उठली नाही. सरांना विचारून तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि मशीन बंद करायची कमांड टाकली. अहो, आता कशाला, असं सर म्हणेपर्यंत जोडणी तुटलीसुद्धा.

फोन अजून चालूच होता.

"गो प्राची, बंद पडला ता." बाबा घाईघाईने म्हणाले. "मी हात लावूक नाय. खरोखर लावूक नाय."

"मीच बंद केलं, बाबा," ती म्हणाली. "उद्या सकाळी तुमच्या हाताने लावा."