चकचकीत निळा

अमेरिकेतल्या सव्हाना शहरात ओसरीचं छत निळं रंगवतात. भटक्या आत्म्यांना ते पाणी वाटतं, आणि पाणी काही त्यांना ओलांडता येत नाही. यंदा व्हर्डेलनं नेहमीचा मंद रंग सोडून चकाकणारा आणला होता.

"ताई, छताचा पार आरसा केलास की!" अटलांटाहून आलेली धाकटी बहीण ल्यूडी झोपाळ्यावर टेकत म्हणाली.

"आल्या आल्या नावं ठेवू नकोस. गार चहा पी."

ल्यूडीनं वर पाहिलं. छतात समोरची बाग उलटी दिसत होती. शेवाळाच्या जटा सोडलेले ओक, बाक आणि बाकावर पाठमोरी बसलेली बाई. ल्यूडीनं खऱ्या बागेकडे पाहिलं. बाक रिकामा होता.

पुन्हा वर पाहिलं, तर बाई उठून घराकडे तोंड करून उभी.

"ताई, बागेत कुणी आहे का गं?"

"या उन्हात? चिटपाखरू नाही."

छतातली बाई आता ओसरीच्या पायरीशी आली होती. खरी पायरी मोकळीच होती.

"त्यांना पाणी नक्की ओलांडता येत नाही ना?"

"छे! काठावरूनच परत फिरतात."

वर निळ्यात एक वलय उठलं, पाण्यात कुणी पाय घालावा तसं. मग झोपाळ्याच्या जरा जवळ, दुसरं.