सगळ्यांना एकच नियम

“बसा, मिस्टर कोतेई.”

आयिते कोतेईने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग साहेबाकडे. अक्रा बंदराच्या जकात खात्यात त्याची उभी हयात गेली होती, पण या खोलीत त्याला कधी कुणी बसा म्हटलं नव्हतं. म्हणजे काम झालं होतं. तो बसला.

पेम्ब्रिज साहेब लंडनहून नवाच आलेला. नाकाची सालं निघालेली, डोक्यावर पंखा, तरी घामाने निथळत होता. बोलता बोलता त्याने हिवतापावरची क्विनाइनची गोळी गिळली आणि तोंड वाकडं केलं.

इंग्रजांच्या या आफ्रिकन वसाहतीत एकाच कामाचे दोन पगार होते, एक गोऱ्याचा, एक काळ्याचा. रजा वेगळी, पेन्शन वेगळं, घरसुद्धा वेगळं. हारवुड साहेब जकातप्रमुख म्हणून सह्या करायचा आणि काम कोतेई करायचा. गेल्या महिन्यात हारवुड निवृत्त होऊन बोटीत बसला, तापाने पिवळा पडलेला. त्याच्या खुर्चीवर आता कोतेईचा हक्क होता. पण ती खुर्ची गोऱ्यांच्या यादीतली. काळ्या माणसाला ती द्यायची तर आधी नियम एक व्हायला हवे होते, आणि त्यासाठी कोतेईने शिष्टमंडळं नेऊन नेऊन सरकारचं डोकं खाल्लं होतं.

“आज तरी हात हलवत येऊ नका,” सकाळी बायको, कोरकोर, म्हणाली होती. “मक्याची केंकी आणि तळलेली मासळी करून ठेवते. साहेब झालात की हे खाणार नाही म्हणाल!”

“अगं, साहेब झालो तरी पोट हेच राहणार ना!”

आता पेम्ब्रिज हसून सांगत होता, “लंडनने मान्य केलं. येत्या पहिल्या तारखेपासून सगळ्यांना एकच नियम. आम्ही विचारलं होतं, गोऱ्यांच्या नियमांतलं काही वगळायचं का? तुम्हीच म्हणालात...”

“एक अक्षरही वगळायचं नाही!” कोतेईने वाक्य पुरं केलं. “गोऱ्याला जे, ते सगळं आम्हाला.”

“अगदी तसंच केलंय. पगार तोच, रजा तीच. आणि पंचेचाळिशीला निवृत्ती.” साहेबाने उठून हात पुढे केला. “तुम्हाला सेहेचाळिसावं चालू आहे ना? अभिनंदन. पहिल्या तारखेपासून विश्रांती घ्या.”

कोतेईचा पुढे आलेला हात तसाच हवेत राहिला. बाहेर कारकून मंडळी दाराला कान लावून उभी होती, त्यांच्यातल्या कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

“पण आमचे लोक साठीपर्यंत काम करतात, साहेब. पंचेचाळीस कशासाठी?”

“हवेसाठी. ही हवा माणसाला आतून पोखरते. हारवुडचे हाल पाहिलेत ना? पंचेचाळिशीनंतर इथे कुणाला राबवणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा.”

कोतेईच्या अंगाचा तिळपापड झाला. तो ताडकन उठला, त्याने खिडकी उघडली आणि खाली समुद्राकाठच्या पत्र्याच्या घरांकडे बोट केलं.

“कसली हवा, साहेब? तिथे जन्मलो मी! याच हवेत! एक दिवस ही हवा सोडून कुठे गेलो नाही!”

पेम्ब्रिजचा चेहरा एकदम कनवाळू झाला.

“जन्मापासून इथेच? अरेरे,” तो हळू आवाजात म्हणाला. “मग तर तुम्हाला फारच आधी निवृत्त करायला हवं होतं.”