तिसरी प्रत

"तिसरी प्रत या इमारतीत ठेवायचीच नाही," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "बाहेर हवी. विश्वासाच्या माणसाकडे."

भरतकामाच्या कारखान्याची मालकीण नुसती मान हलवत होती. शेजारचा छापखाना शॉर्टसर्किटने जळाला, आणि पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणून तिने याला बोलावलं होतं. मशीन नवीन घेता येतं. पण कॉम्प्युटरमधली नक्षीच गेली तर मशीन काय भरणार? आजवरचा तिचा बॅकअप म्हणजे कॉम्प्युटरच्याच डोक्यावर ठेवलेली एक डिस्क. ते पाहून तो हसला नाही, हेच त्याचे उपकार.

त्याने बेत आखून दिला. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, बाकीच्या दोन डिस्कवर. त्यातली एक डिस्क इथे, दुसरी बाहेर. दर शुक्रवारी इथली ताजी भरून तिकडे न्यायची, तिकडची परत आणायची. दोन्ही डिस्क कधीही एकत्र ठेवायच्या नाहीत, हे त्याने जाता जाता पुन्हा बजावलं.

घर कारखान्याच्याच वर, म्हणजे ते बाद. मामांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. मैत्रिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. आठवड्यात तीच नक्षी बाजारभर दिसली असती. एकेक नाव गळत शेवटी धाकटी बहीण उरली. कारखाना दोघींनी मिळून काढलेला, निम्मी नक्षी तिच्याच हातची. भांडून बाहेर पडली त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. पण जाताना तिने एक फाइलही नेली नव्हती. ते आठवलं की थोरलीला स्वतःचीच लाज वाटे.

धाकटीने दार उघडलं, पण दारातून हलली नाही. थोरलीने उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगून टाकलं, पाठ करून आल्यासारखं. मग पर्समधून रुमालात बांधलेलं गाठोडं काढून तिच्या हातात दिलं.

धाकटीने विचारलं, "माझी वेल आहे यात?"

"सगळं आहे. तुझं काहीच पुसलं नाही मी."

धाकटीने गाठ सोडली. आत पाहिलं, आणि इतका वेळ आवळून धरलेले ओठ सुटले.

"ताई, दोन्ही घेऊन आलीस."

थोरलीने कपाळावर हात मारला. धाकटी दार उघडेल की नाही, या एकाच धास्तीत तिने टेबलावर दिसलं ते सगळं उचललं होतं.

धाकटीने एक डिस्क नीट रुमालात बांधून तिला परत दिली. दुसरी घेऊन ती आत गेली. कपाट उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. थोरली तिथेच उभी राहिली.

"शुक्रवार चुकवू नकोस," धाकटी आतूनच म्हणाली. "शिळी प्रत मी ठेवून घेणार नाही."