बाप घर सोडतो

मामा रुसला होता. त्याचे संवाद कापले म्हणून त्याने खोटी मिशी भिरकावली आणि पांघरूण ओढून झोपला. त्यामुळे सिनेमातला बाप घरी घोरत होता आणि उरलेलं युनिट एका अनोळखी बंगल्याच्या दारात उभं होतं. युनिट म्हणजे दिग्दर्शिका, कॅमेरा धरणारा तिचा दादा आणि बाकी सगळं करणारी वहिनी. दिग्दर्शिकेला घरात बेबी म्हणत, त्यामुळे तिचं कोणी फारसं ऐकत नसे.

नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं! उसना कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता. बाप घर सोडून जातो तो शेवटचा प्रसंग आज झाला नाही, तर सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

बंगला वहिनीच्या मैत्रिणीच्या ओळखीतून मिळाला होता. मालक स्वतः दार उघडतील, एवढाच निरोप होता.

बेल वाजवल्यावर बऱ्याच वेळाने दार उघडलं. पन्नाशीचे गृहस्थ, कपाळावर घाम.

"शूटिंगवाले आम्ही," बेबी म्हणाली. "तुम्हाला कळवलं होतं ना?"

त्यांनी आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "हो, हो. या ना. मी निघतच होतो."

"निघता कुठे काका? थांबा की!" म्हणत वहिनीने त्यांच्या हातात दिवा दिलासुद्धा.

बेबीने सगळ्यांचे फोन बंद करून वहिनीच्या पर्समध्ये कोंबले. मागे ऐन मरणाच्या प्रसंगात दादाचा फोन वाजला होता, तेव्हापासूनचा नियम.

आणि मग काकांनी त्यांना जिंकून घेतलं. सोफा हलवू? हलवा. भिंतीत खिळा? ठोका की. वहिनीचा धक्का लागून फुलदाणी फुटली, तर म्हणाले, "जाऊ द्या हो. माणूस काय सगळं बरोबर नेतो?" चहाही त्यांनीच केला. साखर शोधताना घरातले सगळे डबे उघडून झाले.

"आमच्या ह्यांनाही नाही सापडत," वहिनी समजुतीने म्हणाली.

बेबीचं मन भरून आलं. आजवर ज्यांच्या घरी शूटिंग केलं, ते पंखा लावला तरी तोंड वाकडं करायचे. हा खरा देवमाणूस. शिवाय चहा पितानाही त्यांचे कान दाराकडे होते, आणि घरात असून घरात नसल्यासारखे ते बसले होते. तिला हवा होता तो बाप हाच!

"काका, तुम्हीच करा ना हे काम."

"छे हो. चेहरा दिसेल ना?"

"नाही, फक्त पाठ. बाप निघून जातो, मागे वळूनही बघत नाही."

काका पहिल्यांदा हसले. "मग जमेल."

"मागून कुणी हाक मारेल, अशी सारखी धाकधूक हवी हं."

"ती असतेच."

वहिनीने रिकामी बॅग पुढे केली. काकांनी मान हलवली. "रिकामी बॅग उचललेली लगेच कळते. खांद्यावर ओझं दिसायला हवं." ते आत गेले आणि स्वतःची चांगली जड बॅग घेऊन आले. बेबीने दादाकडे पाहिलं. असं जीव ओतून काम करतात, बघ!

"मी कट म्हणेपर्यंत चालत राहा," ती म्हणाली.

काका निघाले. उंबऱ्यावर क्षणभर थबकले, कानोसा घेतला आणि पावलाचा आवाजही न करता बाहेर पडले. फाटक, रस्ता, कोपरा. खांदा एका बाजूला झुकलेला. दादाचे डोळे भरून आले. बेबी तर कट म्हणायचंच विसरली. शेवटी तिघांनीही टाळ्या वाजवल्या. इतक्या हालअपेष्टांनंतर सिनेमा पुरा झाला होता, आणि असा झाला होता!

"काका अजून कसे आले नाहीत?" दादाने विचारलं.

"भूमिकेतून बाहेर यायला वेळ लागतो," बेबी डोळे पुसत म्हणाली. "पडद्यावर पहिलं नाव त्यांचंच टाकायचं. विचारायचंच राहिलं बघ."

वहिनीने फोन सुरू केला, तोच तो वाजला.

"अहो, सकाळपासून फोन लावतोय!" पलीकडचा आवाज अगदी काकुळतीला आला होता. "गाडी वाटेतच बंद पडली, आणि घराची किल्ली माझ्याच खिशात. तुम्हाला दिवसभर बंद दाराबाहेर ताटकळत ठेवलं हो मी!"