खिडकीतली बाटली

माकुणसारच्या बळवंत चुरींचा श्वास झोपेत घोरता घोरता अडकायचा. बोईसरच्या डॉक्टरांनी टाळूचा लोंबता भाग पडजिभेसकट कापला आणि तपासणीसाठी बाटलीत घालून बळवंतरावांच्या बायकोच्या, रखमाबाईंच्या, हाती दिला. शुक्रवार होता, लॅबची साप्ताहिक सुट्टी. रखमाबाईंनी बाटली घरी आणून खिडकीत ठेवली आणि विसरून गेल्या.

दहाव्या दिवशी भर दुपारी बळवंतराव गार पेज पीत होते.

"तुझ्या कोपरापासून सुटलो. तीस वर्षं बरगड्या फोडल्या माझ्या."

"श्वास अडकला की कोपरानं ढोसायची मी. म्हणून आज पेज पिताय तुमी."

"डॉक्टरनं वाचवलं मला. तुझं काय काम नाय आता."

तेवढ्यात खिडकीतून घोरणं ऐकू आलं. अगदी तेच, शेवटी शिट्टी वाजणारं. बाटलीतला तुकडा औषधी पाण्यात थरथरत होता.

मग घोरणं थांबलं.

बळवंतरावांच्या हातातली वाटी पडली. तोंड उघडं, पण श्वास आत जाईना. रखमाबाईंनी सवयीने बाटलीला कोपर मारलं. बाटली फुर्रकन घोरली आणि बळवंतरावांच्या छातीत हवा शिरली.

बळवंतराव धापा टाकत खिडकीकडे बघत राहिले. बाटली मात्र मजेत घोरत होती.

ती पुन्हा थांबली.

बळवंतराव बाटलीकडे बोट दाखवू लागले. ओठ निळे पडत होते. रखमाबाईंनी बाटलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग फडकं घेऊन त्या खाली बसल्या आणि सांडलेली पेज सावकाश पुसू लागल्या.