ठुशीतली हळद

"गोंडा वर धर गो, दोरा भिजंल," गिरजाबाई म्हणाली, आणि तिच्या लेकीनं, शांतीनं ठुशीचा गोंडा दोन बोटांत उचलून धरला.

खाली वाडग्यात रिठ्याचं कोमट पाणी. मोरीत नाय धुवायचं, मणी सुटला तर गेला गटारात, म्हणून परातीत वाडगा आणि वाडग्यात ठुशी. गिरजाबाई मऊ ब्रशनं हळूहळू मणी घासत होती. दिवाळीच्या आधी आणि शिमग्यानंतर, ठरलेलं. धुवायची, मलमलीनं टिपायची, सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळायची, परत डब्यात. स्वतः कधी घातली नाय.

कारण ठुशी शांतीची. शांतीला अंगणात पाटावर बसवायचं, पहिली हळद आपण लावायची, मग ठुशी आपल्या हातानं तिच्या गळ्यात. बस. देवाकडं दुसरं काय मागितलंच नव्हतं तिनं.

पण शांतीनं पसंत केला रोह्याचा हिरामण, धाटावला कंपनीत असतो तो. आणि काळुरामनं, शांतीच्या बापानं, भावकीसमोर सांगून टाकलं, "त्या घरात पोर द्यायची नाय. मी जिता हाय तोवर नाय."

शांती भांडली नाय. फक्त दुसरं स्थळ बघू दिलं नाय.

मग परवा रोह्यालाच मैत्रिणीचं, सगुणाचं लग्न निघालं. शांती म्हणाली, ठुशी घालून जाऊ? गिरजाबाईनं दिली. निदान कुणाच्या तरी मांडवात पोरीच्या गळ्यात मिरवेल.

"लय नाचलीस वाटतं. किती मळ हाय बघ."

"घाम हाय, आये. मांडवात पंखाच नव्हता."

"सगुणाचे सासरचे चिकट काय?"

"चिकट? भजी मोजून वाढली."

दोघी हसल्या. तेवढ्यात ब्रश मण्यांच्या मागच्या बाजूला गेला आणि पाणी पिवळं झालं. मळाचं नाय, हळदीचं पिवळं.

"करवलीला पण लावतात," शांती पटकन म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

गिरजाबाईनं तिच्या पायांकडं बघितलं. टाचांच्या भेगांत तेच पिवळं. करवलीच्या गालाला हळद लागते. टाचेला कुणाच्या लावतात?

ब्रश थांबला. मग परत चालू झाला.

"पहिली कुणी लावली?"

शांतीनं गोंडा घट्ट धरला. "त्याच्या आईनं."

"नीट लावली?"

"व्हय."

"रडलीस?"

"तिनं हात धरला तेव्हा. तुझ्यासारखाच खरखरीत हाय तिचा हात."

गिरजाबाईनं ठुशी मलमलीवर ठेवली आणि एकेक मणी टिपत बसली, कोरडे झाले तरी टिपतच बसली.

बाहेर काळुरामच्या चपला वाजल्या. तशी ती झटकन उठली, वाडगा मागं केळीच्या बुंध्यात ओतला. "टाचा घास जा. बापाला कळलं तर घर डोक्यावर घेईल. मी बघते काय ते."

काळुराम आत आला. शांतीला म्हणाला, "जेवलीस काय गो?" आणि तसाच हातपाय धुवायला मागं गेला.

 हाताला काहीतरी चाळा पाहिजे म्हणून गिरजाबाईनं खुंटीवरचा त्याचा सदरा धुवायला ओढला, परवा डोलवीला ठेकेदाराकडं जातो म्हणून घालून गेला होता तो. सवयीनं खिसा चाचपला. आत रोह्याचं एसटीचं तिकीट होतं, आणि तिकिटाच्या घडीत पिवळ्या अक्षता.